एका नावासमोर एकच मूल्य

सोमवार, ३ मार्च

अखेर नीटनेटके झाले! रक्तपेढीतला फ्रिज दर तासाला ईमेलने तापमान कळवतो. मजकूर कोरा, आकडा हेडरमध्ये, म्हणजे माथ्यावरच्या ‘नाव: मूल्य’ अशा ओळींत. आधीच्या माणसाने जावास्क्रिप्टमध्ये जे रचले होते त्याला रचना म्हणणे म्हणजे उकिरड्याला बाग म्हणणे. मी सारे पुसले. मोकळ्या जागा छाटल्या, आकड्याला चिकटलेली अक्षरे काढली, हेडरांचा एकच ऑब्जेक्ट, म्हणजे कोष्टक, केला — एका नावासमोर एकच मूल्य. भिंतीवरच्या पडद्यावर आता स्वच्छ ‘४’ उमटतो, रक्ताला हवे तेवढेच अंश.

ताई तिथली प्रमुख डॉक्टर. म्हणाली, “तुझ्या कपाटासारखं दिसतंय. हात लावायची भीती वाटते बाई!”

बुधवार, ५ मार्च

ताईचा फोन. “अगं, पडद्यावर चार आणि फ्रिजचा भोंगा सकाळपासून बोंबलतोय. कोणाचं खरं मानू?”

हा काय प्रश्न झाला? भोंगा बिघडला आहे, असे सांगितले. तिने तो बंद केला.

गुरुवार, ६ मार्च

बाबांचे ऑपरेशन उत्तम झाले. संध्याकाळी ताईच्या पेढीतले रक्त चढवले. बाबा म्हणाले, “घरचंच दुकान! पाणी नाही ना घातलंत?”

शुक्रवार, ७ मार्च

पहाटेपासून बाबांना थंडी वाजून ताप. रक्तदाब घसरतो आहे. डॉक्टरांना रक्ताचाच संशय आला. मी तापमानाची नोंद पुढे केली. एकही आकडा वाकडा नाही! “मग रक्ताचा प्रश्न मिटला,” असे म्हणून ते छातीत जंतू शोधू लागले.

मला समाधान वाटले.

शनिवार, ८ मार्च

बाबा मला ओळखत नाहीत.

तो भोंगा मनातून जाईना. मूळ ईमेल उघडले. ‘तापमान’ हे हेडर त्यात दोनदा! फ्रिजला कप्पे दोन, ओळी दोन, नाव मात्र एकच. माझ्या ऑब्जेक्टमध्ये दुसरी ओळ येते आणि पहिलीला गिळते — निमूटपणे, एकही चूक न दाखवता. चार हा खालच्या कप्प्याचा आकडा. वरच्याचा, बुधवारपासून, एकोणीस.

बाबांचे रक्त वरच्यातले. डॉक्टरांना सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. औषध बदलायला धावले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ताईला सांगितले — वरच्या कप्प्यातली एकही पिशवी देऊ नकोस.

ती म्हणाली, “वरचा रिकामा आहे गं. दुपारी हायवेवर बस उलटली ना... सगळं रक्त तिकडच्या जखमींनाच दिलं. पडद्यावर चार होता.”