मुक्ताच्या मुठीत बसेल असं

ॲथलोन, आयर्लंड, मंगळवार, १४ नोव्हेंबर २०१७

मुक्ताला टेक्सासमध्ये पिस्तूल घ्यायचंय. हॉस्पिटलातून रात्री एकटी घरी जाते, म्हणून पर्समध्ये बाळगायला, आणि नेमबाजीच्या रेंजवर सरावालाही तेच. मोठ्या गोळीचं, पंचेचाळीस कॅलिबरचंच हवं म्हणते. मला? मला तर कुठलंच नकोय. पण लेक घेणारच, तर नीट तरी घेऊ दे.

आम्हा मायलेकींच्या बांगडीचं माप एकच. म्हणून आज इथल्या नेमबाजीच्या क्लबात ओळखीच्या पॅट्रिककडे त्याचं पंचेचाळीस मागितलं. त्याने रिकामं करून हातात दिलं. बोट ट्रिगरला जेमतेम पोचलं, आणि दाबताना मूठच फिरली.

"मिसेस, तोफ आहे ती," तो हसला.

लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये पियानोवरही हीच बोटं पुरायची नाहीत. शिकवणाऱ्या सिस्टर मला मायेने म्हणायच्या, तुझ्या हाताला झेपेल तेच वाजवू.

संध्याकाळी मुक्ताला फोन केला. "बारीक मुठीचं, लहान गोळीचं नऊ एमएमचं घे."

"आई, पंचेचाळीसने माणूस जागीच थांबतो गं."

"गोळी लागली तर ना!"

मग म्हणाली, शनिवारी दुकानातून व्हिडिओ कॉल करते.

तिची मूठ मी नीट बघणार. बोट सहज पोचल्याशिवाय हो म्हणणार नाही, कितीही चिडली तरी. ती घरी पोचायला हवी.