तापाची रेघ

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
भंडारा जिल्हा, भंडारा.

विषय : आईला झालेली मारहाण, माझ्या अभ्यासाच्या साहित्याची जप्ती आणि शेजारच्या रीताच्या जिवाला असलेला धोका.
संदर्भ : आमच्या भागातील पोलीस ठाण्यात ६ ऑक्टोबरला दिलेली तक्रार.

महोदय,

१. मी तृप्ती टिकाराम लांजेवार, राहणार पिंपळटोली, तालुका साकोली. नागपूरला पीएच.डी. करते. 'तपकिरी बटू' हा माझा विषय. तारा व्हायला निघालेला, पण वस्तुमान कमी पडल्याने ताऱ्यासारखा पेटू न शकलेला हा वायूचा तप्त गोळा. तो स्वतःभोवती फिरतो तसे त्याच्यावरील ढगांचे दाट-विरळ पट्टे समोर येतात आणि त्याचा उजेड कमीजास्त होतो. अवकाश दुर्बिणीच्या नोंदींवरून मी अशा तरुण बटूंचे आलेख काढते. त्यातला एक घरी ओसरीत चिकटवला होता.

२. शेजारी गोमाजी यांची सून रीता तेव्हा तापाने फणफणत होती. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. गोमाजींनी आमच्या ओसरीतील वरखाली जाणारी रेघ पाहिली आणि ती सुनेच्या तापाचीच, आमच्या घरून जादूटोण्याने चढवलेली, असे ठरवले. माझी आई शकुंतलाबाई म्हणाली, "ते आभाळातल्या गोळ्याचं हाय भाऊजी, पोरीचा अभ्यास हाय." ते रेघेकडे वळून वळून बघत गेले.

३. दि. ५ ऑक्टोबर रोजी सकाळी गोमाजी, त्यांचा मुलगा म्हणजे रीताचा नवरा विनोद व आणखी काहीजण घरात घुसले. आईला केसांनी धरून अंगणात ओढले. विनोदने बैलगाडीच्या उभारीने, म्हणजे बाजूच्या लाकडी दांड्याने, तिच्या तोंडावर मारले. जबडा मोडला. मग आलेख फाडून तिच्या रक्ताळलेल्या तोंडात कोंबला व म्हणाला, "खाय आता आपली रेघ." मी मध्ये पडले तर माझे मनगट दगडाने ठेचले. हा अर्ज डाव्या हाताने लिहिला आहे, अक्षराबद्दल क्षमा असावी.

४. पोलीस आले. उभारी अंगणातच पडून राहिली. जप्त झाला माझा संगणक, 'जादूटोण्याचे साहित्य' म्हणून. मारहाण 'किरकोळ शेजारभांडण' ठरली. पुढे रीताचा ताप उतरला, तर गाव म्हणू लागले की रेघ फाडल्यामुळेच उतरला. ठाण्यात मी ढग, फिरणे, उजेड सारे समजावून सांगितले. अंमलदार म्हणाले, "मंग त्याचं फिरनं बंद करून द्या ना, मॅडम." ते माझ्या हातात नाही म्हटल्यावर त्यांनी जबाबात लिहिले : 'अर्जदार सदर गोळा थांबविण्यास नकार देते.'

५. काल रीता लपूनछपून आईला पाहायला रुग्णालयात आली. आईचे पाय धरून म्हणाली, "मलेरिया होता, काकू. गोळ्यांनं बरी झाली मी. सांगीन साहेबाले." बाहेर फाटकाशी विनोद उभा होता. त्याने तिला मोटारसायकलवर बसवून नेले. आज तिचा फोन बंद आहे. गल्लीतल्या बायजाबाईंनी मला कळवले की गोमाजींच्या घराला आतून कडी आहे. सकाळी आतून मारण्याचा आणि रीताच्या ओरडण्याचा आवाज येत होता. आता येत नाही.

६. आमच्या तक्रारीचे जे व्हायचे ते कायद्याप्रमाणे सावकाश होवो. हा अर्ज आवक नोंदवहीत चढवण्याआधी कृपया पिंपळटोलीला गाडी पाठवावी.

आपल्या कार्यालयाच्या दारातच थांबलेली,
तृप्ती टिकाराम लांजेवार
दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत : आईच्या व माझ्या जखमांचे दाखले.