मुलाखतीचं बोलावणं येणारच

१२ जुलै
मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा हा तिसरा प्रयत्न. गेल्या वर्षी सर्दी आडवी आली, त्याआधी शेजारच्याच्या कीबोर्डची टकटक. उद्यापासून पहाटे पाच, रोज शंभर प्रश्न. बाबांना सांगितलं. कोळशाच्या खाणीने खाल्लेल्या छातीतून हसले, मग बराच वेळ खोकले.

१३ जुलै
उठलो साडेआठला. मेंदूला झोप लागतेच. नंतर हॉस्पिटलात ड्यूटी. मदतनीस म्हणून आठ वर्षं झाली, हा अनुभव कुठल्या पोराकडे असणार?

९ ऑगस्ट
आतापर्यंत एकतीस प्रश्न. पण नीट समजून.

४ सप्टेंबर
परीक्षा झाली. निकाल बाहेर पडतानाच हातात. सत्तावीसशेपैकी सतराशे चाळीस. आकृत्यांनी घात केला. मात्र 'माणसांशी कसं वागाल' या भागात सर्वांत वरची श्रेणी! बाबांना फोनवर 'छान गेला' म्हणालो. तो भाग छानच गेलाय.

१४ ऑक्टोबर
अर्जाची मुदत उद्या. वॉर्डातली सीनियर नर्स नेरिस हिने कागदावर मांडून दिलं : कोणतं कॉलेज सर्वांत जास्त मार्कांपासून खाली मोजत मुलाखतीला बोलावतं, कोणाची किमान अट किती. या मार्कांवर दोनच कॉलेजं जमण्यासारखी, म्हणाली. मी चार नामवंत निवडली. 'मला डॉक्टर का व्हायचंय' हे माझं अर्जातलं निवेदन वाचल्यावर मार्क कोण बघतो?
"गेथिन, वाचतच नाहीत रे ते. आधी मार्कांची चाळणी, मग माणूस."
भली बाई आहे, पण फार निराशावादी.

२० नोव्हेंबर
पहिला नकार. एक संपलं की बाकीच्यांची शक्यता वाढते. बाबांनी स्वतःचा लग्नातला सूट मुलाखतीसाठी काढून ठेवलाय. बाह्या आखूड होतात. ताठ बसलो तर दिसणार नाही.

१८ डिसेंबर
आणखी दोन नकार. बाबा आमच्याच वॉर्डात दाखल. येईल त्या नर्सला सांगतात, पोरगा डॉक्टर होणार. मी बेडपॅन घेऊन पुढे सटकतो.

२७ जानेवारी
चौथा नकार, सकाळी. बाबांना म्हणालो, मुलाखत मार्चमध्ये.
नाकातली नळी सरकवत म्हणाले, "छाती दाखवायला आलो तेव्हा, सप्टेंबरातच, नेरिसला मी विचारलं होतं, किती मार्कांना बोलावतात ते. तिने खरं ते सांगितलं. तुझा निकालाचा कागद घरात टेबलावरच पडला होता. म्हटलं, पोरगा सांगेल कधीतरी."
मी त्यांची उशी सारखी केली.
मग म्हणाले, "दाढी करून दे. वॉर्डातली ती नवीन पोरगी कापते."
केली. वीस मिनिटं लागली. हनुवटीखालची कातडी फार सैल झाली आहे.