बाकाला आलेला बाक

३ एप्रिल २०२५, राहुरी

फळ्या आल्या! लेकीनं, रेबेकानं, दुधाच्या पिशव्या अन् शाम्पूच्या बाटल्या वितळवून ओतलेल्या. हिरव्या, मधेच निळे ठिपके. लाकडाचा वास नाही — रंध्याला सूर नाही. मी सुतारकाम शिकवायचो तेव्हा रंध्याच्या तालावर पोरं कविता म्हणायची. गेले ते दिवस!

शाळेनं नमुन्याला एक बाक मागितलाय. उन्हात टिकला तर जूनला चाळीस — आणि कचरा निवडणाऱ्या आठ बायांना वर्षभर काम.

४ एप्रिल

रेबेकाच्या नकाशात स्क्रूची भोकं लांबट. बेढब! रेबेका कोपरगावला माल आणायला गेलेली. मी गोल भोकं पाडली, स्क्रू घट्ट आवळले. बाक कसा ठाम उभा राहिला! तिला बोललो नाही. उगाच वाद.

५ एप्रिल

बाक शाळेच्या अंगणात ठेवला.

१६ एप्रिल

ऊन नुसतं भाजतंय. निवडणाऱ्यांतली कडूबाई हसतच आली — "गुर्जी, तुमच्या बाकाला बाक आलाय वो! उंटावानी!"

धावलो. फळी मधोमध उचललेली, तापलेली. लाकूड पावसात आडवं फुगतं. तेवढी जागा सोडायला जन्मभर शिकवलं. हे प्लास्टिक उन्हात लांबीला वाढतं. लांबट भोकं त्यासाठीच होती! कवितेच्या ओळीतला यती, श्वासाची जागाच मी खाऊन टाकली.

१७ एप्रिल

मुख्याध्यापिका सुरेखाबाई म्हणाल्या, "आम्ही आपले लाकडीच घेऊ."

"नकाशा माझा चुकला, मॅडम. एकदा परत करू द्या," — रेबेका.

"नको गं. पोरं पडायची."

मी शेजारीच उभा. चपलांकडे बघत.

परतताना कडूबाईनं विचारलं, "आता आमी काय करायचं, ताई?" मला नाही विचारलं.

१८ एप्रिल

उत्तम शुक्रवार. चर्चमध्ये मान वर झाली नाही.

१९ एप्रिल

सांगून टाकलं. रेबेका चहा गाळत होती.

"माहीत आहे, पप्पा. कोपरगावहून आले तेव्हाच दारातून दिसलं."

"मग बदललं का नाहीस?"

"तुम्ही शेवटचे स्क्रू आवळता आवळता चालीवर कविता म्हणत होता. मम्मी गेल्यापासून पहिल्यांदा. म्हटलं, निभावेल."

आठ बायांचं काम! — आणि कुठली कविता म्हणत होतो, तेही मला आठवत नाही.