दोन मजल्यांच्या मध्ये

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यांच्या इमारतीतली लिफ्ट पुन्हा कुरकुरतेय. दुरुस्तीसाठी दिवसभर तिच्या डोक्यावर बसून होतो. पाठ कामातून गेली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "रविवारी गायनाला उभे राहाल ना?" राहीन म्हटलं. नाही म्हणून जातो कुठे!

१० नोव्हेंबर, रविवार

पाळकसाहेब आज क्षमेवर बोलले. बोलताना एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा थोरल्यांकडे. सगळ्या मंडळीला ठाऊक आहे, मग लपवायचं काय.

थोरले म्हणजे माझे साडू, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. बेकरी आहे त्यांची. अंगानेही थोरले, म्हणून सगळेच तसं म्हणतात. चार वर्षांपूर्वी सासरे गेले. सासूबाईंनी कुठं राहायचं, यावरून बोलणं निघालं. मी म्हटलं, आमच्याकडे राहू देत. तर थोरले सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्याला पोरं सांभाळायला आयतं माणूस हवंय." झालं. तेव्हापासून अबोला. गायनवृंदातही ते एका टोकाला, मी दुसऱ्या. दोघेही खालच्या सुरात गाणारे, म्हणजे खरं तर शेजारी उभे राहायला हवेत.

सासूबाई आठवडाभर आमच्याकडे, रविवारी उपासना सुटली की थोरल्यांकडे. चर्चच्या फाटकाशी मी त्यांचा हात सोडायचा, थोरल्यांनी धरायचा. मधे एक शब्द नाही. आज त्या फाटकातच थांबल्या. "मी काय पार्सल आहे का?" म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

झोपायची वेळ झालीय. तरी लिहितो.

दुपारी कुरकुर थांबली होती. माझा कामावरचा जोडीदार, सगळे त्याला दाढी म्हणतात, समोरच्या हॉटेलात चहाला गेला. मी म्हटलं, एक फेरी मारून बघू. पाचव्या मजल्यावर दार उघडलं — समोर थोरले. मला बघून थबकले. पण मागं दोन माणसं उभी, "चला ना पुढे" म्हणणारी. आत आले. ती माणसं चौथ्यावर उतरली. दार मिटलं, थोडं खाली आलो, आणि वीज गेली.

अंधार. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये. घंटेचं बटण दाबलं. फोनला नेटवर्क नाही. थोरल्यांचा श्वास मोठा मोठा ऐकू यायला लागला. मग चार वर्षांतलं पहिलं वाक्य —

"पडेल का हो?"

'हो' म्हणाले! मला! पूर्वी अरे-तुरे करायचे.

"पडत नाही," म्हटलं. "वीज गेली की ब्रेक आपोआप धरतो. दाढी येईल, वर जाऊन हाताने चाक फिरवेल."

"कधी येईल?"

"चहा संपला की."

मला वाटलं हसतील. ते खालीच बसले. फोनच्या उजेडात बघितलं तर घामाने निथळत होते, शर्टाचं वरचं बटण तोडल्यासारखं ओढत होते. मीही शेजारी बसलो. माणूस घाबरलाय आणि आपल्याला त्याच्याशी बोलायची सवयच राहिलेली नाही. शेवटी रविवारचं गीत म्हणायला लागलो, हळू. दुसऱ्या ओळीला तेही आले. दोघेही खालचे! चाल वरच्या सुरात गाणाऱ्यांकडे, आमच्याकडे नुसती घरघर. बाहेरून वॉचमन ओरडला, "आत मोटर चालू आहे का?"

तेव्हा थोरले हसले. हसता हसता रडायलाच लागले.

त्यांच्या गळ्याखाली गाठ आहे. पाचव्या मजल्यावर त्याचसाठी आले होते. सुई घालून तपासायला घेतलंय. शुक्रवारी कळेल. बायकोला सांगितलेलं नाही. "तू पण सांगू नकोस रे," म्हणाले. रे!

मग दाढी आला. दार उघडलं तेव्हा मी त्यांचा हात धरून होतो. कधी धरला, आठवत नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बायकोने विचारलं, "तुमचं लक्ष कुठं आहे?" पाठ दुखतेय म्हटलं. तिने मलम चोळून दिलं. फार वाईट वाटलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

कामात मन नाही. बेकरीवरून मुद्दाम गेलो. थोरले भट्टीपाशी, पाठमोरे. मेहुणी गल्ल्यावर. मला बघून तिचे डोळेच विस्फारले. मी पाव घेतला आणि आलो. घरी आधीच पाव होता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काही नाही! गाठ साधी आहे!

बरोबर गेलो होतो. लिफ्टला ते तयार होईनात. "मी दुरुस्त केलीय," म्हटलं. "म्हणूनच," म्हणाले. पाच मजले जिन्याने. त्यांचा जीव दर मजल्यावर मेटाकुटीला येत होता. डॉक्टर आमच्याकडे न बघता कागद चाळत बसले. मी मनात काय काय बोललो देवाशी, ते इथंही लिहिणार नाही. मग मान वर करून म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

उतरताना तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर थोरले बसलेच. मीही. लोक आम्हाला वळसा घालून जात होते.

"त्या दिवशी मी बोलायला नको होतं," म्हणाले.

"कुठल्या दिवशी?" म्हटलं मी.

त्यांनी पाठीत असा धपाटा घातला! दुखऱ्या जागीच. पण बरं वाटलं.

दोघांनी घरी जाऊन आपापल्या बायकोला सांगितलं. माझी आधी रडली, मग म्हणाली, "आणि मी मलम चोळत होते!"

१७ नोव्हेंबर, रविवार

शेजारी उभे राहिलो. त्यांचा आवाज इतका मोठा आहे की माझा मलाच ऐकू येईना. पाळकसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला, आपल्या प्रवचनाचा गुण आला असं वाटलं असणार. वाटू दे.

उपासनेनंतर आम्ही सगळे बेकरीच्या माडीवर जेवलो. मुलांचा नुसता धुडगूस. सासूबाई गप्प गप्प होत्या. आनंदाने असेल.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सासूबाईंनी आज दोघी मुलींना आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. गायनवृंदातल्या शिवणवाल्या बाई एकट्याच राहतात, त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे. सासूबाई महिनाअखेर तिथं जाणार. ठरवून झालंय, विचारत नव्हत्या. थोरले म्हणाले, "अहो, पण आमच्याकडे काय कमी —" सासूबाईंनी हातानेच थांबवलं. "तुमचे सासरे गेले त्याच आठवड्यात मी तिला हो म्हटलं होतं. पण तुम्ही असे भांडलात, की निघाले असते तर दोघांनाही वाटलं असतं, त्या दुसऱ्यामुळे गेली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चार वर्षं वाट बघितली हो मी, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलायची."