शहराच्या वकिलाकडचा फोटो

प्रिय जोनेल,

खांदा होता तसाच आहे. स्कूलबसचं स्टिअरिंग फिरवता येत नाही, म्हणून मला डेपोच्या ऑफिसात बसवलंय. दिवसभर चाव्या द्यायच्या नि परत घ्यायच्या. "मिस अर्लीन, यानं मला चिमटा काढला!" असं ओरडणारं कुणी नाही. करमत नाही.

तुला मी अर्धंच सांगितलं होतं. मागचा दिवा बंद आहे म्हणून त्या हॅलोरन पोलिसानं माझी गाडी थांबवली. दिवा चालू होता. मी एवढंच म्हटलं, "ऑफिसर, मागे जाऊन एकदा बघता का?" त्यानं दार उघडलं, दंडाला धरून मला ओढलं आणि रस्त्यावर पालथं पाडलं. मी तक्रार केली. आठ महिन्यांनी पोलीस खात्याचं एका ओळीचं उत्तर आलं : आरोप सिद्ध होत नाही. त्याच्या छातीवरचा कॅमेरा म्हणे नेमका तेव्हाच बंद होता. मग मी शहरावर दावा लावला. आपल्या वकीलबाईंनी, मिस गॅडसननी, जुने कागद मागवले तेव्हा कळलं, त्या माणसावरची ही सातवी तक्रार.

तेव्हापासून मी सरळ मनाची राहिले नाही, पोरी. समोर पोलिसांची गाडी जरा रेंगाळली की पडदा ओढते. रविवारी चर्चमध्ये डीकन बरेल म्हणाले, "सिस्टर, शहराशी भांडून कुणाचं भलं झालंय? देतील ते घ्या." लगेच मनात आलं, यांना कुणी पाठवलं? तीस वर्षं ओळखते मी त्यांना. लाज वाटली, पण संशय गेला नाही.

मंगळवारी तडजोडीची बैठक झाली. शहराचा वकील गोड हसत म्हणाला, "ऐंशी हजार डॉलर. शहर चूक कबूल करणार नाही, आणि तुम्ही याबद्दल कुठेही बोलायचं नाही." त्या हॅलोरनवर आधी तक्रार करणाऱ्या दोघींनी अशाच कागदावर सह्या केल्या, म्हणून तर मला त्यांची नावंसुद्धा कधी कळली नाहीत. मी नाही म्हटलं. तेव्हा त्यानं फायलीतून एक फोटो काढून माझ्यापुढे सरकवला. "हात तर छान वर जातोय, मॅडम!"

ईस्टरला तुमच्या स्वयंपाकघरात काढलेला फोटो. मी वरच्या फळीवरून पीच कॉबलर भाजायचं जड भांडं काढतेय, उजवा हात पार वर. प्रत्यक्षात एका हातानं भांडं आणि दुसऱ्या हातानं माझं कोपर तुझ्या नवऱ्यानं, डॅरियसनं धरलं होतं. "आई, तुम्ही नुसती ऐट करा, वजन माझ्याकडे," म्हणाला होता. या फोटोत डॅरियस नाही. त्याला कापून टाकलंय. माझ्या कोपराखाली त्याच्या घड्याळाचा पट्टा तेवढा राहिलाय.

बाहेर आल्यावर मिस गॅडसननी विचारलं, "हा फोटो कुणाकुणाकडे होता?" मी म्हटलं, आठवत नाही. त्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले. फोटो तू काढलास. मला पाठवलास आणि डॅरियसला पाठवलास. आणि गेल्या शुक्रवारी डॅरियसची पोलिसांत निवड झाली. अभिनंदनाचे शब्द माझ्या तोंडातच अडकले, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तुझा फोन त्याच्याही हातात असतो, म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. एकोणीस तारखेला मला कोर्टात शपथेवर विचारतील आणि मी खरं तेच सांगणार. तू तो फोटो आणखी कुणाला पाठवला असशील, तर सगळ्यांसमोर मी डॅरियसची माफी मागेन. त्यानंच दिला असेल, तर त्याला वाचवायला मला खोटं लिहू नकोस. आणि त्याला नोकरी मिळावी म्हणून फोटो तूच दिला असशील, तर तेही लिही, बाळा. इतकी पानं लिहिली ती खरं म्हणजे एवढंच विचारायला.

उत्तर काहीही आलं तरी तुझीच,
आई