उंटांनाही पाणी

डेटमोल्ड, जर्मनी
९ मार्च १९९७

चि. युस्टीस अनेक आशीर्वाद. प्रभूची शांती तुझ्या घरात असो, आणि थोडी तुझ्या जिभेवरही.

इकडे सगळं ठीक. कोर्नी कारखान्यात जातात, येतात, जेवतात, झोपतात. मुलांची जर्मन इतकी सुधारली आहे, की आता ती माझ्या जर्मनला हसतात. आई असती तर म्हणाली असती, घ्या, याचसाठी किर्गिझिया सोडलात!

आता मुद्द्याचं. आमच्या मंडळीत आब्राम पेन्नर म्हणून एक बंधू आहेत. लहानपणी आपल्या लिंडेनतालमध्येच होते, गिरणीपलीकडचे. वय अठ्ठेचाळीस, पाच मुलं, स्वतःचं घर, दारू नाही, तंबाखू नाही. बायको कात्रिना जाऊन सव्वा वर्ष झालं. मे महिन्यात ते जन्मगाव बघायला येत आहेत. जन्मगाव म्हणजे तू, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं.

परवाच्या प्रार्थनासभेत त्यांनी उभं राहून सांगितलं, की आपण देवाकडे खूण मागितली आहे. अब्राहामाच्या चाकराने धन्याच्या मुलासाठी नवरी शोधताना विहिरीपाशी मागितली होती तीच. जी स्त्री न मागता आपल्याला पाणी देईल आणि वर उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच नेमलेली. उंट आता कुठले, म्हणून त्यांनी मोटार धरली आहे.

तुला शहाणीला जास्त सांगणे न लगे. पाण्याचा तांब्या आणि दारातली तू, एवढंच देवाला हवं आहे. त्रेचाळीस पूर्ण झालीस. वेणी पिकली तरी डोक्यावर लग्न झालेलीचा रुमाल नाही, अजून पोरींबरोबर तरुणांच्या बाकावर बसतेस. म्हातारपणी घोटभर पाणी कोण देणार तुला, याचा विचार केला आहेस का?

माया आहे म्हणून टोचते. टोचलं तरी पत्र लिहायला चुकू नकोस.

तुझी
मार्गाताई


लिंडेनताल, चुय खोरं
३० मार्च १९९७

ती. मार्गाताईस सा. न. वि. वि. प्रभूची शांती पोचली. जिभेपर्यंत काही आली नाही, वाटेत टपालात अडकली असावी.

खूण कळली. पण परीक्षेआधी प्रश्नपत्रिका फोडायची हे कुठल्या शास्त्रात बसतं ते कोर्नी भाऊजींना विचारून कळव. विहिरीवरच्या त्या रिबेकेला तिच्या ताईने आधी पत्र धाडलं होतं असं माझ्या बायबलात तरी नाही.

बाकाचं म्हणशील तर तो आता ओस पडत चालला आहे. दर महिन्याला एखादं कुटुंब सामान बांधून तुमच्याकडे येतं आणि एक मुलगी कमी होते. उरल्या आहेत चौघी: तिघी सोळा-सतरा वर्षांच्या आणि मी. आमचे पुढारी बंधू गेरहार्ड, वय बावीस. जन्मले तेव्हा नाळ मी कापली होती. ते दर बुधवारी आम्हाला 'वाट पाहण्याचा काळ' या विषयावर शिकवतात. गेल्या बुधवारी म्हणाले, की अविवाहितेचा नवरा स्वतः प्रभू असतो. मी म्हटलं, खरं आहे बाबा, पण माझं छप्पर गळतंय आणि तो नवरा अजून शिडी घेऊन आलेला नाही, तेव्हा तोवर तू दोन पोरं पाठव. पोरी खुदुखुदु हसल्या. गेरहार्ड कानापर्यंत लाल झाला, पण शनिवारी पोरं घेऊन आला.

मला एक सांग ताई. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय, बायकांनी डोकं झाकावं तो, आपल्या मंडळीचे प्रमुख, वडील याकोब टेव्स, वर्षातून तीनदा वाचतात. त्याच पत्रातला सातवा, जिथे पौल म्हणतो की माझ्यासारखं एकटं राहिलेलं बरं, तो कधी वाचल्याचं तुला आठवतं का? पौल आपल्या मंडळीत आला असता तर त्यालाही तरुणांच्या बाकावर बसवलं असतं. आणि ज्याच्या नावाने आपण जमतो तोही तेहेतिसाव्या वर्षापर्यंत बिनलग्नाचाच होता. त्यालाही गेरहार्डने वाट पाहायला शिकवलं असतं.

मी सुखी आहे का, हे तू विचारत नाहीस, पाण्याचं विचारतेस. तरी सांगते. सकाळी दवाखाना, दुपारी इंजेक्शनं, गुरुवारी गायनवृंद. चार आवाज जुळतात तेव्हा मला काहीसुद्धा कमी नसतं. संध्याकाळी शेगडी पेटवते आणि घर गप्प असतं, तेव्हा कमी असतं. मग मी देवाशी भांडते. तो ऐकून घेतो, हे मी अनुभवाने सांगते. पण समोर बसून बोर्श्टमध्ये मीठ जास्त झालंय असं म्हणत नाही. तेवढीच त्याची उणीव.

भाऊजींना नमस्कार, मुलांना पापे. माया आटू देऊ नकोस.

तुझी
युस्टी


डेटमोल्ड
२० एप्रिल १९९७

चि. युस्टीस आशीर्वाद.

घाईत लिहिते. आब्रामभाऊ आठ मेला पोचतील. बिश्केकहून वडील टेव्स यांची मोटार घेऊन स्वतः चालवत येणार आहेत. निळा पोशाख घाल. पौलाला मधे आणू नकोस. येशूला तर मुळीच नको. कात्रिनाची धाकटी एवी सहा वर्षांची आहे. पोर केस विस्कटलेलेच घेऊन उपासनेला येते, बघून पोटात तुटतं. तिच्यासाठी तरी त्या दिवशी घरी थांब.

तुझी काळजी वाहणारी
ताई


लिंडेनताल
१५ मे १९९७

ती. मार्गाताईस सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. भाऊजींनाही बसव.

आठ तारखेला मला वरच्या वस्तीवर लहान मुलांना लस टोचायला जायचं होतं. तारीख सरकारी, मी नेमलेली नव्हे. जाताना शेजारच्या बुरुल-आपाला एवढंच सांगितलं, की कुणी पाहुणा येईल, उन्हातून येईल. किर्गिझ बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही.

टेव्स यांची मोटार गावात शिरता शिरता उकळली. अगदी आमच्या दोघींच्या विहिरीसमोर. आब्रामभाऊ उतरले, वाफेत उभे राहिले, तोंडातून शब्द निघायच्या आत बुरुल-आपा ताकाचा मोठा वाडगा घेऊन हजर. त्यांनी ताकच ना, पाणी नव्हे, असं मनाशी म्हटलं असावं, पण तिने लगेच पाणीही दिलं. मग ती मोटारीकडे वळून म्हणाली, की या बिचारीलाही तहान लागली आहे. आणि बादली ओढून तिने रेडिएटर स्वतः भरला.

नऊ नातवंडांची आजी, वय एकाहत्तर, पुढचे दात दोन, शुक्रवारी नमाज. अशी रिबेका देवाने पाठवली.

आब्रामभाऊ टेव्स यांच्याकडे पोचले ते पांढरेफटक. रात्री जेवताना सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी वडीलमंडळींची बैठक बसली. देवाची खूण चुकते कशी म्हणायची? आणि खरी मानावी तर नवरी मशिदीतून आणावी लागेल! दोन तास प्रार्थना झाल्यावर टेव्स यांना उलगडा झाला. विहीर बुरुल-आपाची आणि माझी सामाईक. बादली कुणीही ओढो, पाणी युस्टिनाचंच. सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि चहा घेतला.

बुरुल-आपाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. आधी विचारलं, मेंढ्या किती आहेत त्याच्या? नाहीत म्हटल्यावर स्थळ नाकारलं. मग जरा गंभीर होऊन म्हणाली, तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही तर काय द्यायचं, यात खूण वाचण्यासारखं काय आहे?

रविवारी उपासनेनंतर मला बोलावून सांगण्यात आलं, की देवाची इच्छा स्पष्ट आहे, आठवड्यात उत्तर दे. मंगळवारी आब्रामभाऊ टेव्सकाकूंना घेऊन माझ्याकडे येणार आहेत. ताई, चेष्टा करते आहे खरी, पण दोन्हीकडून अडकले आहे. हो म्हटलं तर गायनवृंद, दवाखाना, आईची कबर, सगळं इथेच राहील. नाही म्हटलं तर म्हणतील की हिने देवालाच नाही म्हटलं.

तुझी
युस्टी


डेटमोल्ड
२ जून १९९७

युस्टी,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते दात-ओठ खाऊन. बुरुल-आपाला तूच उभी केलीस. लस सरकारी असेल, लबाडी घरची आहे! इथे सगळ्या मंडळीत ताकाची गोष्ट पसरली आणि मला खाली मान घालून भाजी चिरावी लागते.

हे पत्र पोचेल तोवर तू उत्तर दिलंही असशील. हो म्हटलं असशील तर देव तुझं भलं करो. नाही म्हटलं असशील तर कशाच्या जोरावर? गाण्याच्या? गाणं रात्री पाठीला तेल लावत नाही. इथे तू माझ्यापासून चार गल्ल्यांवर असतीस. हे मी आधी लिहायला हवं होतं, पण लिहिलं नाही.

मार्गा


लिंडेनताल
२४ जून १९९७

ती. मार्गाताईस सा. न. वि. वि.

ओठ जपून खा, ताई. नाही म्हटलं. कसं म्हटलं ते सांगते, म्हणजे तुला मंडळीत मान वर करता येईल.

ते मंगळवारी आले. टेव्सकाकू कोपऱ्यात विणकाम घेऊन बसल्या, कान आमच्याकडे. मी सणाचे पेडाचे पाव करत होते. आब्रामभाऊंनी टोपी गुडघ्यावर ठेवून सांगितलं, की प्रभूने तुला मला दाखवलं आहे. मी म्हटलं, प्रभूकडे माझाही पत्ता आहे, मला अजून काही आलं नाही. ते हसले नाहीत. मग मी विचारलं, कात्रिनाला कोणतं गीत आवडायचं? एकोणीस वर्षांच्या संसारातलं एक गीत. ते बराच वेळ आठवत राहिले. शेवटी म्हणाले, ती शांत होती, कधी काही मागितलं नाही.

मला राग आला, पण तो बोलून दाखवायच्या आतच त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, मला एवीची वेणी घालता येत नाही. ती रोज सकाळी फणी घेऊन येते, मी रोज प्रयत्न करतो, ती रोज रडते. ताई, त्या क्षणी माझ्या तोंडात होकार आला होता. खोटं कशाला बोलू? कुणाला तरी सकाळी मी हवी आहे, ही गोष्ट मला नको आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही.

पण मग वाटलं, याला बायको हवी आहे की वेणी? हात धुवायला लावले. कणकेचे तीन पट्टे त्यांच्यापुढे ठेवले आणि दाखवलं: उजवा मधे, डावा मधे, सैल सोडायचं नाही, ओढायचंही नाही. पहिली वेणी म्हणजे गुंता. चौथी चांगली जमली. मी सांगितलं, भाऊ, यासाठी लग्न लागत नाही, तीन पेड लागतात. टेव्सकाकूंचं विणकाम हातातून पडलं. आब्रामभाऊ तेव्हा पहिल्यांदा हसले. चारही पाव त्यांना बांधून दिले.

वडीलमंडळींना मी इतकंच म्हणाले, की सातवा अध्याय वाचा, मग बोलू. अजून वाचलेला नाही. बाकावर आता आम्ही दोघी.

चार गल्ल्यांचं वाचलं. ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि रडले. तेवढ्यासाठी मी आले असते, ताई. त्यांच्यासाठी नाही.

तुझी
युस्टी


डेटमोल्ड
७ सप्टेंबर १९९७

चि. युस्टीस अनेक आशीर्वाद.

आब्रामभाऊंची एवी दर रविवारी दोन वेण्या घालून येते. एक वर, एक खाली, पण पोरीची मान ताठ. सगळ्या मंडळीतल्या बायका आता त्यांच्यासाठी स्थळं शोधताहेत. त्यांनी खूण मागणं सोडलं आहे म्हणे, आता बाईलाच विचारतात.

ऑगस्टात मला ताप आला होता. तीन दिवस उतरेना. कोर्नी पलीकडच्या खोलीत शास्त्राभ्यासाची तयारी करत होते. मी पाणी मागितलं. आलोच म्हणाले. पुन्हा मागितलं, पुन्हा आलोच. वाईट माणूस नाही ग, विसरले. मग मी भिंत धरून उठले आणि नळाला तोंड लावून प्यायले. तिथेच फरशीवर बसून मला तुझी बुरुल-आपा आठवली. मोटारीलासुद्धा पाणी पाजणारी.

तुला म्हातारपणच्या पाण्याचं सांगणारी मी! हे पत्र फाडून टाक. पुढच्या मे महिन्यात मी एकटीच येणार आहे, महिनाभर. तिकीट काढलं आहे.

तुझीच
मार्गा


लिंडेनताल
१२ ऑक्टोबर १९९७

ती. मार्गाताईस सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. आईच्या बायबलात ठेवलं आहे, करिंथकर, सातवा अध्याय.

आज कापणीचा उपकारस्तुतीचा दिवस. शेवटच्या मुलीचं कुटुंब मंगळवारी गेलं. तरुणांच्या बाकावर आज मी एकटी. बंधू गेरहार्डसुद्धा पुढच्या महिन्यात जर्मनीला निघालेत, त्यांची वाट पाहून झाली. टेव्स यांनी सकाळी हळूच सुचवलं, की आज मागे दाराशी खुर्ची टाकू का, समोर बरं दिसत नाही. मी म्हटलं, नको, वृद्ध झाले तरी तरुणच आहे मी, मंडळीचा नियम आहे.

दुसरं गीत चालू असताना दार उघडलं. बुरुल-आपा, हातात सफरचंदांची टोपली. कापणीचा सण म्हणजे शेजाऱ्याने रिकाम्या हाताने येऊ नये, एवढंच तिला ठाऊक. तिने सगळीकडे नजर फिरवली, मी एकटी दिसले, आणि ती सरळ चालत येऊन माझ्याशेजारी बसली. डोक्याला पांढरा रुमाल, नऊ नातवंडं, तरुणांचा बाक. टेव्स यांनी गीताचं पुढचं कडवं धरलं. पाहुणीला कोण उठवणार?

मला कालपासून खोकला आहे. प्रवचनात ढास लागली, थांबेना. बुरुल-आपाने झग्यातून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्या हातात दिली. मी मागितलं नव्हतं.

तू ये. कोर्नी भाऊजींना तिकडे नळ कुठे आहे ते दाखवून ये. तुझ्या डोक्यावर रुमाल आहे, म्हणजे नियमाने तू बायकांच्या रांगेत. पण आता या बाकावर नियम बुरुल-आपाचे चालतात, आणि तिने विचारलं आहे की तुझी ताई कधी येते, म्हणजे सरकून बसायला.

तुझी वाट पाहणारी
युस्टी